कडेच्या पेशी

राजूर, ता. वणी
३ ऑगस्ट २०२३

चि. अपेक्षा,
सप्रेम जयभीम.

फोन असताना मामाला पत्राची काय अवदसा आठवली, असं तुला वाटेल. आपल्या घरी फोन आला की तो आधी स्पीकरवर जातो, मग खाटेच्या मधोमध ठेवला जातो आणि भोवती सगळे बसतात. माझ्या पोटात कसं आहे याचं उत्तर माझ्याआधी तुझी मामी देते. म्हणून पत्र. जन्म अर्ज लिहिण्यात गेला, त्यामुळे हाताला सवय आहे.

ऑपरेशनची जखम भरली. गाठ गेली, लिव्हरचा एक तुकडाही तिच्यासोबत गेला. पण अंगात ताकद म्हणून राहिली नाही. नळावर जाऊन आलो की दिवसभराचं काम उरकल्यासारखं बसून राहतो. खाणीत रात्रपाळ्या केल्या तेव्हाही असा थकलो नव्हतो.

आता मुद्द्याचं. आपल्या कॉलनीच्या तोंडावरचं देशीचं दुकान बंद करायला बायकांनी सह्या दिल्या, हे तुला ठाऊक आहे. दिवाळीनंतर त्यावर मतदान होईल असं तहसीलमधून कळलं. बाईच्या हातात चिठ्ठी देतात, चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. अर्ध्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. चंदाबाई घरोघर फिरते, मी अर्ज लिहितो. इतकी वर्षं असंच चाललं आहे.

तर दुकानाकडच्या लोकांनी एक नवीनच पिल्लू सोडलं. "उकंडाभाऊ दिवसा दारूबंदी करे अन् रातच्याले ढोसे. नाही तं लिव्हर कायनं सडलं?" नळावर हेच, दळणाच्या चक्कीवर हेच. मी दुर्लक्ष केलं. पण परवा चंदाबाई घरी आली, चहा घेतला आणि मान खाली घालून म्हणाली, "भाऊ, रागाऊ नका. मले एकटीले खरं सांगा. थोडीशी घेत होते का जी?"

पोरी, ऑपरेशनचं एवढं लागलं नव्हतं. मी एक थेंब कधी तोंडाला लावला नाही. माझा बाप दारूनं गेला, हे चंदाबाईला माहीत आहे. तरी तिनं विचारलं.

तू लिव्हरच्या गाठींचाच अभ्यास करतेस. गाठीच्या आतल्या पेशी आणि गाठीभोवतालच्या पेशी पाहतेस, असं तूच सांगितलं होतंस. तुझ्याच सांगण्यावरून मी माझा तुकडा तुमच्या अभ्यासाला दिला. तर तो पाहा आणि एक ओळ लिहून दे, की हे दारूनं झालेलं नाही. चंदाबाई ती सभेत वाचून दाखवेल. मग मी मोकळा.

तुझा मामा,
उकंडा


पुणे
१४ ऑगस्ट २०२३

आदरणीय मामा,
जयभीम.

तुमचं पत्र प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसून वाचलं. चंदामावशींचा राग आला, आणि मग वाटलं, त्या तरी काय करतील? लिव्हर म्हटलं की सगळ्यांना दारूच आठवते. डॉक्टरसुद्धा पहिला प्रश्न तोच विचारतात.

पण तुमचा तुकडा मला पाहता येणार नाही. आमच्याकडे वेगवेगळ्या हॉस्पिटलांतून तुकडे येतात आणि त्यांच्यावर फक्त नंबर असतो. कोणता कोणाचा हे आम्हाला कळू नये, अशीच व्यवस्था आहे. मी शोधायला गेले तर मला काढून टाकतील, आणि ते योग्यच होईल.

तुम्हाला वाटत असेल, भाची मोठं काम करते. काम म्हणजे काय, तर तुकडा आला की त्यातल्या पेशी सुट्या करायच्या. निम्म्या त्यातच मरतात. उरलेल्या मोजायच्या, ओळखायच्या. गाठीच्या कडेला शरीराच्या पहाऱ्याच्या पेशी दाटीनं जमलेल्या असतात, पण आत शिरत नाहीत. नुसत्या उभ्या असतात. का उभ्या राहतात, एवढंच शोधण्यात माझी पाच वर्षं गेली आणि अजून मला धड सांगता येत नाही. हल्ली घरी गेल्यावर कुकर लावायचाही कंटाळा येतो.

तुमच्यासाठी सरळ रस्ता आहे. तुमच्या गाठीचे पातळ काप हॉस्पिटलनं काचेच्या पट्ट्यांवर घेतले असतील. त्या काचा पेशंटला मागता येतात, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला. अर्ज करा. अर्ज लिहिण्यात तुमचा हात कोण धरणार? फक्त गाठीचा काप पुरणार नाही, तिच्या भोवतालच्या लिव्हरचाही हवा, हे लक्षात ठेवा. लिव्हर कशानं बिघडलं ते गाठ सांगत नाही, तिच्या कडेचा भाग सांगतो.

पाहतील आमच्या विजयमाला मॅडम. अहवाल लिहायचा अधिकार त्यांना आहे, मला नाही. आणि मामा, आत्ताच सांगते. जे दिसेल ते सगळं लिहिलं जाईल. निवडून पाखडून देणार नाही.

तुमची,
अपेक्षा


राजूर
२८ ऑगस्ट २०२३

चि. अपेक्षा,
जयभीम.

काचा मिळाल्या. नागपूरला जाऊन-येऊन जीव मेटाकुटीला आला, माझी उर्वशी सोबत होती म्हणून निभलं. खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, "काका, काचेचं काय करता आता?" म्हटलं, भाचीले पाहाची हौस हाये.

मी एक काच उन्हात धरून पाहिली. गुलाबी डाग, बाकी काही नाही. एवढ्याशा डागासाठी मला चिरलं आणि एवढ्याशा डागावरून गाव बोलतं.

सोनपापडीच्या डब्यात कापूस घालून पाठवतो आहे. मामीनं त्यातच जवसाची चटणी घातली. मी नको म्हटलं, पण ती ऐकते का? तीन पिशव्यांत बांधली आहे, काचेला लागणार नाही. चटणी तुझी, काचा मॅडमच्या. अदलाबदल करू नको.

सगळं लिहिणार म्हणतेस तर लिही. माझ्याजवळ लपवायला आहे काय?

तुझा मामा,
उकंडा


पुणे
२० सप्टेंबर २०२३

आदरणीय मामा,
जयभीम.

काचा धड पोचल्या. चटणीही. मॅडमनी पोळीबरोबर खाल्ली आणि मग हात धुऊन तुमच्या काचा लावल्या. मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. रोज अशा काचा पाहते, पण तुमची लावल्यावर मी मान वळवली. ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलबाहेर बसले होते, तेव्हा एवढी भीती वाटली नव्हती.

गाठ पूर्ण निघाली आहे. हे आधी वाचा आणि मामीला वाचून दाखवा.

आता कडेचं. दारूनं बिघडलेल्या लिव्हरमध्ये ज्या खुणा दिसतात, त्या तुमच्यात नाहीत. दिसतात त्या वेगळ्याच पेशी, बाथरूमच्या खिडकीला दुधी काच असते ना, तशा धूसर. मॅडमनी खास रंग देऊन खात्री केली. हे 'हिपॅटायटिस बी' नावाच्या विषाणूचं काम आहे. तो तुमच्या रक्तात लहानपणापासून असू शकतो, काहीही त्रास न देता. पुढे म्हातारपणी तो लिव्हरमध्ये गाठ करू शकतो. काच पाहून माणूस जन्मात प्यायला नाही, असं कोणी लिहू शकत नाही. पण हे लिव्हर दारूनं गेलेलं दिसत नाही, विषाणूनं गेलेलं दिसतं, एवढं मॅडमनी स्पष्ट लिहिलं आहे.

मामा, हे हॉस्पिटलला ऑपरेशनआधीच कळलेलं असणार. तुम्हाला रोज एक गोळी चालू आहे ना, कधीच बंद करायची नाही म्हणून सांगितलेली? ती त्याचीच आहे. तुम्हाला कोणी समजावून सांगितलं नाही का?

आता नीट वाचा. हा रोग रक्तातून जातो. बाळंतपणात आईकडून मुलाला, एकाच ब्लेडनं दाढी केली तर, न उकळलेल्या सुईनं. नवराबायकोंत जातो. एका ताटात जेवल्यानं, हातचं खाल्ल्यानं, जवळ बसल्यानं जात नाही. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. मामीचं, उर्वशीचं, तिच्या छोट्या सलोनीचं. ज्यांना नसेल त्यांना लस द्या. ज्यांना असेल त्यांनी दर सहा महिन्यांनी तपासायचं. हे वेळेत कळलं तर तुमच्यासारखी गाठ होईपर्यंत थांबावं लागत नाही.

सभेचं नंतर पाहू. आधी हे करा. हात जोडते.

अपेक्षा


राजूर
१६ ऑक्टोबर २०२३

चि. अपेक्षा,
जयभीम.

उशीर झाला. हातात पेन घ्यावंसं वाटत नव्हतं.

डॉक्टर सुट्टी देताना 'व्हायरस' असं काहीतरी म्हणाले होते. मी समजलो सर्दीतापाचा. गोळी ताकदीची समजून घेत होतो.

सगळ्यांचं रक्त तपासलं. तुझी मामी चांगली निघाली. सलोनी चांगली, तिला जन्मल्यावर दवाखान्यात लस टोचली होती. उर्वशीला निघालं.

लिव्हर सध्या ठीक आहे म्हणतात, औषधाची गरज नाही, फक्त तपासत राहायचं. ती रडली नाही. रिपोर्ट पर्समध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. तुला तिचं काम माहीतच आहे. अंगणवाडीत मदतनीस, चाळीतल्या सगळ्या पोरांची खिचडी तिच्या हातची. नवऱ्याचं घर सोडून आल्यावर पोरगी याच नोकरीवर ताठ उभी राहिली.

आता तूच विचार कर. मॅडमचा कागद चंदाबाईनं सभेत वाचला, की दारूनं नाही. पुढचा प्रश्न कोणता येईल? "मग कायनं झालं?" विषाणूनं. "तो लागते का?" लागतो. "मग घरात अजून कोणाले?" तिथून अंगणवाडी किती दूर आहे? मागे एका मदतनीसबाईला टीबी झाला होता. बरी होऊन आली, तरी तिच्या हातचं पोरांना खाऊ दिलं नाही. शेवटी ती पोरीकडे वर्ध्याला निघून गेली. हातचं खाल्ल्यानं जात नाही, हे तुला माहीत, मला माहीत. चक्कीवर बसलेल्या बाईला कोण पटवणार?

मी म्हणणार होतो, अर्धं वाक्य ठेव आणि अर्धं काढून दुसरा कागद दे. मग तुझं पहिलं पत्र आठवलं आणि लाज वाटली. म्हणून म्हणतो, कागदच नको. मी माझं पाहून घेईन.

फार थकलो आहे, पोरी. 

तुझा मामा,
उकंडा


पुणे
२७ ऑक्टोबर २०२३

आदरणीय मामा,
जयभीम.

तुमच्यावर चिडले आहे, ते लपवत नाही.

आयुष्यभर तुम्ही अधिकाऱ्यांच्या टेबलावर खरं आपटत आलात. आणि आता खरं हातात आलं तर ते पेटीत ठेवता? तुमच्या एका घरात दोन माणसं निघाली. त्या चाळींत अजून किती असतील, ज्यांना गाठ झाल्यावरच कळेल? तुम्ही सभेत उभे राहून सांगितलंत तर चार घरं तपासून घेतील. यासाठीच तर आम्ही इथं डोळे फोडत बसतो.

लिहिलं आणि लगेच वाटलं, मला काय जातं बोलायला? मी पुण्यात राहते. माझ्या हातची खिचडी कोणी खात नाही.

अहवाल याच पाकिटात आहे. तो तुमचा आहे. वाचून दाखवा नाहीतर फाडून टाका. सोबत सोप्या मराठीतल्या माहितीच्या पुस्तिका पाठवते, कुठं ठेवता आल्या तर ठेवा. मला मार्चपर्यंत सुट्टी मिळत नाही. उर्वशीला सांगा, तपासणी चुकवायची नाही.

अपेक्षा


राजूर
२१ नोव्हेंबर २०२३

चि. अपेक्षा,
जयभीम.

रविवारी मतदान झालं. आडवी बाटली निवडून आली. दुकानाला कुलूप लागेल.

तुझ्या कागदाची गरज पडली नाही. बाकी विशेष काही नाही. गोळी घेतो.

उकंडा


पुणे
२९ नोव्हेंबर २०२३

आदरणीय मामा,
जयभीम, जयभीम, जयभीम!

पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. मॅडमनी पेढे मागवले. बघा, मी उगाच चिडले. लोकांना कागद नकोच होता, त्यांचा तुमच्यावर विश्वास होता. चंदामावशींना आता मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल, नाही? त्यांना माफ करून टाका.

खूप महिन्यांनी आज बरं वाटलं. घरी जाऊन स्वयंपाक केला.

तुमची,
अपेक्षा


राजूर
११ डिसेंबर २०२३

प्रिय अपेक्षाताई,
जयभीम.

तुझं पत्र बाबांनी वाचलं आणि घडी करून उशीखाली ठेवलं. दोन दिवसांनी आईनं मला आणून दिलं आणि म्हणाली, "तिले खरं काय ते लिहून टाक. हे माणूस काही लिहिणार नाही." म्हणून लिहिते.

लोकांचा विश्वास नव्हता, ताई. मतदानाच्या आदल्या आठवड्यात सभा झाली. दुकानाकडची दोन माणसं मुद्दाम येऊन मागे उभी होती. चंदामावशी बोलायला उठली तर एकानं ओरडून विचारलं, "आधी उकंडाभाऊचं लिव्हर कसं गेलं ते सांगा!" बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. मावशीनं बाबांकडे पाहिलं.

तेव्हा बाबा उठले. मला वाटलं, आता सांगणार. बाबांनी सदरा वर केला, पोटावरचा टाक्यांचा वण सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "हो, पेत होतो मी. चोरून पेत होतो. पाहून घ्या काय झालं माह्यं. मी दारूबंदीवाला असून मले सुटली नाही, तं तुमच्या नवऱ्याले काय सुटन? दुकान दारात असन तं कोणालेच सुटत नाही. घरच्या माणसाचं असं होऊ द्याचं असन, तं मारा उभ्या बाटलीवर शिक्का."

मग एक बाई रडायला लागली, तिच्यामागं दुसरी. मागची दोन माणसं निघून गेली. आई उठून घरी गेली आणि तिनं चार दिवस बाबांशी बोलणं टाकलं. मतदान आपण जिंकलो ते त्या सभेमुळं, हे सगळे म्हणतात. आणि चंदामावशी आता बाबांना रस्त्यात पाहिलं की पदर सावरून दुसरीकडे पाहते.

मी त्या दिवशी बाबांशी खूप भांडले. माझ्यासाठी हे काहून केलं, म्हणून. ते म्हणाले, "तुह्यासाठी कायले? दुकानासाठी केलं." मग पाणी मागितलं आणि झोपून राहिले.

खरं सांगायचं ते पुढचं आहे. विहारात रविवारची वंदना इतकी वर्षं बाबाच घेत. निकालानंतरच्या रविवारी विहाराचं पाहणाऱ्या भीमराजभाऊंनी त्यांचा हात धरून हळूच म्हटलं, "भाऊ, तुम्ही आता मागं बसा जी." बाबा मागं बसले. मी शेजारी होते. पंचशील सुरू झालं. पहिली तीन शीलं बाबांनी सगळ्यांबरोबर म्हटली. चौथं आलं, खोटं बोलणार नाही, ते. बाबांनी तोंड मिटून घेतलं. पाचवं दारूचं. ते त्यांनी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांहून मोठ्यानं. पुढच्या दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं आणि पोरी तोंडाला पदर लावून हसल्या.

परत येताना मी विचारलं, "बाबा, चौथ्याले गप काहून राह्यले?"
म्हणाले, "जे मोडलं ते कोण्या तोंडानं म्हणू?"
"अन् पाचवं?"
"ते तं कधी मोडलंच नाही ना, बाई."

ताई, त्यानंतर मला घरात राहवेना. हसलेल्या पोरी डोळ्यांपुढून जात नव्हत्या. सोमवारी मी अंगणवाडीत मुलांना सोडायला आलेल्या सगळ्या आयांना थांबवलं आणि माझा रिपोर्ट दाखवला. म्हटलं, बाबांना हेच होतं, मलाही हेच आहे. बाबा प्यायले नाहीत. खोटं बोलले, ते माझ्यासाठी. दुकानाला कुलूप लागलं आहे, आता ज्याला जे बोलायचं ते मला बोला.

चंदामावशीची नात पण येते आपल्याकडे. मावशी तिथून थेट बाबांकडे गेली. त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण काल वंदना बाबांनी घेतली. चौथ्याला थांबले, ते बाकीच्यांनी म्हटलं, मग पाचव्यापासून पुन्हा बाबा.

माझं म्हणशील तर, खिचडी मी रोज करते आणि निम्मी उरते. बायका तोंडावर गोड बोलतात आणि मुलांना घरून डबा देतात. सुपरवायझर मॅडम चांगल्या आहेत, त्या काढणार नाहीत, पण असं उरलेलं पातेलं किती दिवस घासायचं? तुझ्या पुस्तिका मी भिंतीला लावल्या. कोणी वाचत नाही. मावशी दोन घास खाऊन जाते, पण लोक म्हणतात, तिला भाऊचं वाईट वाटते म्हणून खाते.

बाबांनी हे पत्र पाहिलेलं नाही. मार्चपर्यंत सुट्टी नाही हे मला माहीत आहे. तरी एक दिवस ये. भाषण नको देऊ, काच नको दाखवू. मुलं पंगतीला बसतात आणि आया दाराशी उभ्या असतात, त्या वेळी पोच. मुलांच्या पंगतीत खाली बस, आणि मी वाढते ती खिचडी सगळ्यांच्या देखत पोटभर खा.

तुझी,
उर्वशी